धाकटीला कळवलेलं नाही

चीन अभ्यास केंद्र कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच होतं. महिन्याला एक व्याख्यान, एक सिनेमा आणि वर्षातून एकदा दोन दिवसांची परिषद, एवढाच त्याचा संसार. व्याख्यानाला पुढच्या दोन रांगा भरल्या की संचालक सरांना आभाळ ठेंगणं व्हायचं. रांगा भरायच्या ताईमुळे. फोन करकरून, ओळखीच्यांच्या मागे लागून, प्रसंगी गळ घालून ती माणसं गोळा करायची. ताई केंद्राची दुभाषी. चाळिशी ओलांडलेली, आईबरोबर राहणारी, चिनी भाषेत मुरलेली. विद्यार्थ्यांपासून शिपायापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत.

धाकटी पहिल्यांदा केंद्रात आली ती एका सिनेमाला. सिनेमा संपून दिवे लागले तरी शेवटच्या रांगेतली एक चिनी बाई उठेना. ताईने जवळ जाऊन चिनीत विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"नाही, बरी आहे," ती म्हणाली. "गोष्ट काय होती ते कळलंच नाही मला. नुसती भाषा ऐकत बसले होते."

तिचं बाजारगल्लीत जिन्याखाली छोटंसं दुकान होतं. कपडे घट्ट-सैल करायचे, चेन बदलायची, पँटची उंची कमी करायची. नवरा एका गिरणीत यंत्रं बसवायला इकडे आला होता, बरोबर तिला घेऊन. काम संपल्यावर तो तिसऱ्याच कुठल्या देशात गेला. सुरुवातीला फोन यायचे, मग तेही थांबले. तिच्या पासपोर्टची मुदत उलटून गेली होती, नव्यासाठी लागणारे कागद नवऱ्याजवळ आणि नवरा कुठे ते देव जाणे. त्यामुळे ती इथे अडकली ती अडकलीच. माहेरी तिला सगळे धाकटी म्हणायचे, म्हणून ताईही धाकटी म्हणायला लागली. आणि धाकटी तिला ताई.

सुट्टीच्या दिवशी धाकटी ताईच्या घरी यायची. ताईच्या आईशी तिचं भलतंच जमलं. आई मराठीत बोलायची, धाकटी आपल्या डोंगरी बोलीत बोलायची, दोघी एकदमच बोलायच्या आणि दोघींचं समाधान व्हायचं.

"आई, तुला कळतं तरी का ती काय म्हणते ते?" ताई विचारायची.

"तुझं बोलणं कळतं, म्हणून आपली रोज वादावादी होते. हिच्याशी एकदा तरी झाली का?" आई म्हणायची.

धाकटीची स्वतःची आई गावी होती. आधी दर आठवड्याला फोनवर बोलायची. मग थोरल्या बहिणीने कळवलं, आईच्या घशाचं ऑपरेशन झालंय, जीव वाचला पण आवाज गेला. त्यानंतर आईचे निरोप यायला लागले. आईला लिहिता येत नव्हतं, ती सांगणार आणि थोरली लिहून पाठवणार. "थंडी पडली असेल तर कान झाक." "रात्री मशीनवर बसू नकोस, डोळे जातील." धाकटी उत्तरादाखल आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. कुणाचा झगा शिवला, ताईच्या आईने काय खायला घातलं, दुकानासमोरचं कुत्रं व्यालं. लांबच लांब. फोनवर वडील यायचे, पण ते मुळातच मितभाषी. जेवलीस का, काम आहे का, बरं, ठेवतो.

त्या वर्षी परिषदेचा विषय ठरला, बदलतं चिनी कुटुंब. निबंध नेहमीसारखे येणारच होते. ताईच्या मनात एक माहितीपट भरला होता. एका तरुण दिग्दर्शकाने दूरच्या डोंगरांत राहून तिथल्या म्हाताऱ्यांवर काढलेला. ज्यांची मुलं बाहेर गेली आणि जे मागे उरले, त्यांच्यावर. ताईला त्याची माहिती वाचतानाच दिसलं की ते खोरं धाकटीच्या माहेरचं. तिने संचालक सरांच्या मागे लकडा लावला, दिग्दर्शकाला परिषदेला बोलावून घेतलं, आणि मग दुकानात जाऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, "तुझ्या गावाकडचा सिनेमा आणतेय मी. खास तुझ्यासाठी."

धाकटीने हातातलं काम बाजूला ठेवलं. "आमच्या बोलीत बोलतात त्यात?"

"तेच तर! मला अर्ध्याच्या वर कळणार नाही. दिग्दर्शकाने पडद्याखालच्या चिनी अक्षरांतल्या ओळीसुद्धा अजून लावलेल्या नाहीत. तू शेजारी बसून सांगायचं, मी आपल्या भाषेत ओळी लिहायच्या."

धाकटी लहान मुलीसारखी लाजली. "मी? परिषदेचं काम?"

दुकान लवकर बंद करून ती दुपारी केंद्राच्या मागच्या खोलीत यायला लागली. खोलीत एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि जुन्या परिषदांच्या फलकांची गुंडाळी. ताई थोडा भाग चालवायची, थांबवायची, धाकटी साध्या चिनीत सांगायची, ताई लिहायची. धाकटीचा हात लवकरच बसला. ती 'तो म्हणतो', 'ती म्हणते' म्हणायचीच नाही. म्हातारी बोलली की म्हातारी व्हायची, म्हातारा बोलला की म्हातारा. "माझे गुडघे गेले बघ," असं धाकटी म्हणायची आणि पडद्यावरची बाई आपल्या गुडघ्यावर हात ठेवायची. मध्येच हसू फुटायचं. "ही शिवी तुला कशी सांगू, ताई? हिच्यात डुक्कर आहे, सासरा आहे, आणि अजून बरंच काही आहे." दोघी पोट धरून हसायच्या. ताईला कितीतरी दिवसांत कामात एवढी मजा आली नव्हती.

सिनेमाचा शेवटचा भाग उरला होता. कॅमेरा एका गल्लीत शिरला आणि धाकटी खुर्चीत ताठ झाली.

"ही आमची विहीर. ताई, ही आमची विहीर! आता डावीकडे वळेल तो."

कॅमेरा डावीकडे वळला. एका दाराशी बाकावर बसून एक म्हातारा बांबूच्या कामट्या काढत होता.

"बाबा!" धाकटी ओरडलीच. ती उठून पडद्याजवळ गेली, तिने बोट लावलं. "माझे बाबा, ताई! किती वाळलेत बघ. ती टोपी मी पाठवलेली. घालतात म्हणजे!"

ताईलाही हुंदका आला, आनंदाचाच. आपण काय भेट आणून दिली या पोरीला, असं वाटून ऊर भरून आला. "थांबवू का जरा?"

"नको नको, चालू दे. बोलतायत ते. लिही तू."

ती परत खुर्चीत बसली. दिग्दर्शकाचा आवाज आला, कॅमेऱ्यामागून. धाकटीने सांगायला सुरुवात केली.

"बाबा, घरात कोण कोण असतं? ... मी एकटाच. थोरली खालच्या गल्लीत असते, ती भात आणून देते. ... आणि आई? ... म्हातारी गेली. कापणी झाली आणि गेली. धाकटीला कळवलेलं नाही. ती परदेशात आहे, तिला येता येत नाही. सांगून करायचं काय? एकटी बसून रडेल. इथे आम्ही निदान एकमेकांजवळ होतो रडायला."

हे सगळं तिने एका सुरात सांगितलं, जसं गेले कित्येक दिवस सांगत होती तसंच. ताईची बोटंही चालतच होती. 'म्हातारी गेली' एवढं लिहून झाल्यावर ती थांबली. पडद्यावर म्हाताऱ्याने कामटीवरचा भुसा फुंकला.

ताईची मान वळवायची छाती होईना.

"मागे घे," धाकटी म्हणाली.

ताईने मागे घेतलं. म्हातारा पुन्हा तेच बोलला.  संपल्यावर धाकटी म्हणाली, "पुन्हा." ताईने पुन्हा लावलं.

मग ती म्हणाली, "लिही. 'वारली' लिहू नकोस. 'कापणी झाली आणि गेली', असंच लिही. बाबा तसं म्हणाले."

"धाकटे..."

"कुठली कापणी? गेल्या सालची की त्याच्या आधीची?" ती स्वतःशीच बोलत होती. "टोपी मी पाठवली त्याच्या आधी की नंतर?" मग ती एकदम ताईकडे वळली. "मग मला कान झाक असं कोण सांगत होतं?"



"थोरली," धाकटीनेच उत्तर दिलं. "लहानपणी ती माझ्याशी धड बोलायचीसुद्धा नाही, ताई. आणि मी तिला कुत्र्याच्या पिल्लांच्या गोष्टी सांगत होते."

ती रडली नाही. ताईला वाटत होतं रडावं, ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. निदान आपल्याला तरी. या सिनेमासाठी कुणी जीव टाकला होता? आपणच ना?

"मी हा सिनेमा रद्द करते," ताई म्हणाली. "आजच सरांना सांगते."

"का? बाबा चांगले दिसतायत त्यात."

"मग निदान घरी फोन कर. तुला कळलंय म्हणून सांग त्यांना. मन मोकळं कर."

धाकटीने मान हलवली. "त्यांना वाटतंय मी इकडे सुखात आहे. तेवढंच त्यांच्याजवळ उरलंय, ताई. ते मी काढून घेऊ? आणि तूही बोलायचं नाहीस. त्या दिग्दर्शकालासुद्धा नाही. शपथ घे."

ताईने शपथ घेतली. घेताना तिला कळत होतं की हे चुकतंय, पण बरोबर काय तेही तिला सांगता आलं नसतं.

परिषदेला त्या वर्षी कधी नव्हे ती गर्दी झाली. सर हरखून गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी माहितीपट लागला. धाकटी येणार नाही असं ताईने गृहीत धरलं होतं, पण दिवे मालवता मालवता ती आली आणि भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. 'म्हातारी गेली' ही ओळ पडद्यावर उमटली तेव्हा सभागृहात कुणीतरी सुस्कारा सोडला. ओळीत एकही चूक नव्हती. ताईने ती पुन्हा पुन्हा तपासली होती.

नंतर दिग्दर्शकाशी गप्पा होत्या. साधा, नम्र मुलगा. ताई त्याच्या शेजारी माइक घेऊन बसली. एका निवृत्त शिक्षकांनी उठून विचारलं, "त्या टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मुलीचं काय झालं? तिला शेवटी कळलं का?"

ताईने प्रश्न चिनीत सांगितला.  मुलगा बोलला, आणि आता ते तिलाच आपल्या तोंडाने सांगायचं होतं.

"नाही," ताई माइकमध्ये म्हणाली. "तिला अजून माहीत नाही. म्हाताऱ्याने मला कॅमेरा लावू दिला तो याच अटीवर, की सिनेमा तिच्यापर्यंत पोचता कामा नये. मी म्हटलं, बाबा, जग केवढं मोठं आहे, कशाला पोचेल."

लोक हळहळले. काही जण हसलेही, वाईट हेतूने नव्हे. ताईने भिंतीकडे पाहिलं. धाकटी हात मांडीवर ठेवून बसली होती, नंबर लागायची वाट पाहत दवाखान्यात बसतात तशी.

मग चर्चा रंगली. एक प्राध्यापक म्हणाले, चिनी कुटुंबात दुःख हे एकट्याचं नसतं, ते वाटून घेतलं जातं, आणि दूरच्याला त्यातून वगळणं हीसुद्धा मायाच. दुसरे म्हणाले, माया कसली, ही शुद्ध फसवणूक आहे, मुलीचा शोक करण्याचा हक्क हिरावून घेतलाय. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या भावाने माझ्याशी हेच केलं. चिनीबिनी काही नाही हो त्यात," आणि त्यांना पुढे बोलवेना. ताई हे सगळं दिग्दर्शकाच्या कानात चिनीत सांगत राहिली. कुणाचंच म्हणणं खोटं नव्हतं. कुणाच्याच म्हणण्याचा धाकटीला काही उपयोग नव्हता.

चहाच्या वेळी नको तेच झालं. परक्या मुलखात एक चिनी चेहरा दिसल्यावर तो मुलगा आनंदाने थेट धाकटीकडेच गेला. ताई लगबगीने मागोमाग गेली.

"तुम्ही कुठल्या?" त्याने विचारलं.

"उत्तरेकडची," धाकटी म्हणाली. तिने बोलीचा लवलेशही येऊ दिला नाही. असं घोटीव चिनी ताईने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"आवडला का सिनेमा?"

"आवडला. ते टोपल्यावाले म्हातारे बरे आहेत ना?"

मुलाचा चेहरा उतरला. "मी निघायच्या आधी भेटून आलो. खोकला फार आहे. छातीत पाणी झालंय म्हणतात. मुलगी करते सगळं, पण..." त्याने चहाचा कप फिरवला. "हिवाळा काढतील असं वाटत नाही."

"असं का," धाकटी म्हणाली. "वयच झालं म्हणा."

"तुम्हाला सांगतो, ते सतत त्या धाकट्या मुलीबद्दलच बोलतात. तिकडे तिचं मोठं दुकान आहे म्हणे, हाताखाली माणसं आहेत."

"असेल," धाकटी म्हणाली, कप खाली ठेवून निघाली. ताई जिन्यापर्यंत धावली, तेव्हा ती खालच्या मजल्यावर कठड्याला धरून उभी होती. "वर जा, ताई," ती न वळता म्हणाली. "तुझ्यावाचून त्यांचं अडेल."

त्यानंतर ताईने हातपाय हलवले नाहीत असं नाही. पासपोर्टसाठी तिने धाकटीला कचेऱ्यांतून फिरवलं. संचालक सरांकडून शिफारस आणली. सर बिचारे स्वतः एकदा बरोबर आले, साहेबासमोर दोन्ही देशांच्या मैत्रीवर बोलले. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याचे कागद मागितले. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून परत पहिल्या खिडकीवर. थंडी सुरू झाली तेव्हा फाइल होती तिथेच होती.

आईच्या नावाचे निरोप येतच होते, आणि धाकटी उत्तरं पाठवतच होती. "आई, कान झाकलेत गं." ताई दुकानात बसलेली असताना एकदा तिने हे रेकॉर्ड केलं. आवाजात ना कंप, ना काही. ताईनेच मान फिरवली.

वडील फोनवर येत होते तोवर ती विचारायची, "बाबा, खोकताय का?"

"चुलीचा धूर गेला गं. जेवलीस का?"

मग एका आठवड्यात थोरली म्हणाली, बाबा बाजारात गेलेत. पुढच्या आठवड्यात बाबा झोपले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांकडे. मग पुन्हा बाजारात.

"सरळ विचार ना तिला!" ताई कळवळून म्हणाली.

"काय विचारू?" धाकटी एका कोटाचं अस्तर उसवत होती. "विचारलं तर तिला खोटं तरी बोलावं लागेल, नाहीतर खरं तरी. दोन्ही तिला जडच. तिने आईचं केलं, बाबांचं केलं, वर माझी आई होऊन मला निरोप पाठवले. अजून किती करायचं तिने?"

"पण तुला कळायला नको?"

"कळलंय की."

पण कळलेलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हातारा एखाद्या सकाळी गेला असेल, धाकटी इथे कुणाची तरी बाही टाचत असताना. किंवा गेला नसेल, अंथरुणाला खिळून दाराकडे बघत असेल, आणि थोरलीला त्याचा क्षीण झालेला आवाज धाकटीच्या कानावर पडू द्यायचा नसेल. या दोहोंपैकी काय, हे विचारायची सोय उरली नव्हती. शोक करावा तर बाप जिवंत असायचा, न करावा तर पाप लागल्यासारखं व्हायचं.

धाकटी ताईच्या घरी यायची बंद झाली. आईने आधी दोन-तीनदा विचारलं, मग चिडून म्हणाली, "तू काहीतरी बोलली असशील तिला. तुझी जीभच तशी." ताईने ते मुकाट्याने पोटात घातलं. खरं कारण एकदाच धाकटीने सांगितलं होतं, मान खाली घालून. "तुझ्या आईने डोक्यावरून हात फिरवला ना, ताई, की मला तिचा राग येतो. तिने माझं काय वाईट केलंय? पण येतो. मग मी नाही येत."

उन्हाळा लागता लागता धाकटीने दुकान सोडलं. दूरच्या एका शहरात कपड्यांच्या कारखान्यात काम मिळत होतं, राहायची सोय तिथेच. ताई तिला पोचवायला बसथांब्यावर गेली. एक पेटी, एक पिशवी आणि चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन. मशीन चढवायला ड्रायव्हर कुरकुरला, ताई त्याच्याशी भांडली, शेवटी मागच्या सीटखाली ते कसंबसं कोंबलं.

"ताई," खिडकीतून धाकटी म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू माझ्यासाठी चांगलंच आणलं होतंस. बाबांना बघितलं मी."

ताईला काहीतरी बोलायचं होतं. दोन भाषा येत होत्या तिला, आणि त्या वेळी एकीतही तिला काही सापडलं नाही. बस सुटली.

ताई तिथून पायीच केंद्रात गेली. दुपारी चिनी सुलेखनावर व्याख्यान होतं आणि शिपाई रजेवर होता. तिने खुर्च्या मांडल्या, माइक लावून बघितला, वक्त्यांसाठी पाणी ठेवलं. पाहुणे आले, संचालक सरांनी प्रास्ताविक केलं. फोन करायचे राहून गेल्यामुळे फारसं कुणी फिरकलं नव्हतं. ताई वक्त्यांच्या शेजारी बसली आणि ते बोलायला लागले तसं एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगू लागली.